बैलकुप्प्यातील फावल्या वेळचा इतिहास

इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जी दप्तरे गोळा केली, त्यांत सनदा आहेत, हिशेब आहेत, मोहिमांच्या हकिकती आहेत. परंतु मोहिमेवरून परतलेला शिलेदार संध्याकाळी पारावर बसून काय बोलत असे, याची नोंद त्यांत क्वचितच सापडते. दिल्लीत पेशव्यांची वकिली करणाऱ्या हिंगण्यांच्या पत्रांचे मोल अभ्यासकांना वाटते ते काही अंशी याच कारणाने; दरबारातील खलबतांच्या जोडीला शहरातील वदंता आणि लोकांचा कल हेही त्यांत डोकावतात. मुलखापासून दूर नेमलेल्या मराठी माणसाने आपल्या नेमणुकीच्या गावाकडे असा कान लावून असावे, ही आपली जुनीच रीत म्हणावयाची.

राजकारण, धंदा, करमणूक आणि आवडते शहर या चार विषयांवर माणसे सहज म्हणून जी मते देतात, त्यांना इतिहासाचे साधन मानण्याचा प्रघात नाही. मते क्षणोक्षणी बदलतात आणि ती देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी नसते, हे खरे. तथापि एखाद्या वसाहतीतील माणसे या चार विषयांवर निवांतपणे बोलू लागली, तर ती रुजली असे खुशाल समजावे. ज्याला उद्याच्या भाकरीची भ्रांत आहे, तो नाटक चांगले की सिनेमा, याची चर्चा करीत नाही. म्हैसूर जिल्ह्यातील बैलकुप्पे या गावालगत गेली साठहून अधिक वर्षे नांदत असलेल्या तिबेटी वसाहतीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कावेरी ओलांडून कोडगूत शिरण्याच्या थोडे अलीकडे, पिरियापट्टण तालुक्यात हे गाव लागते. नदीपलीकडचे कुशालनगर ही त्याची बाजारपेठ. भोवती तंबाखू, नाचणी आणि मक्याची शेते. आणि त्या शेतांमधून वर आलेली सोनेरी शिखरे, पताकांच्या माळा, डाळिंबी रंगाची वस्त्रे ल्यालेले भिक्षू. प्रथम पाहणाऱ्यास हा देखावा स्वप्नवत वाटतो. वसाहत ज्यांनी उभी केली, त्यांना मात्र हे स्वप्न वाटण्याचे कारण नव्हते.

दलाई लामांनी १७ मार्च १९५९ च्या रात्री ल्हासा सोडले आणि महिनाअखेरीस ते भारताच्या हद्दीत आले. त्यांच्यामागून हजारो लोक आले. आसामातील मिसामारी आणि बंगालमधील बक्सा येथील छावण्यांत त्यांची पहिली सोय झाली. पुढे पुष्कळांना हिमालयातील रस्त्यांच्या कामावर लावण्यात आले. खडी फोडण्याचे काम, डोक्यावर ताडपत्री आणि सोबत लहान मुले अशी ती अवस्था होती. आचार्य कृपलानी यांच्या अध्यक्षतेखाली मध्यवर्ती मदत समिती स्थापन झाली होती. परंतु मदतीने पोट भरते, गाव वसत नाही. तेव्हा पंडित नेहरूंनी राज्यांकडे जमिनीची विचारणा केली आणि त्या वेळच्या म्हैसूर राज्याने बैलकुप्प्याजवळची सुमारे ३,००० एकर जंगलजमीन देऊ केली. १९६० च्या अखेरीस पहिल्या तुकड्या येथे पोहोचल्या. वसाहतीस लुगसुम सामदुपलिंग हे नाव मिळाले.

येथे लोकस्मृतीची एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. तिबेटी लोक या औदार्याचे श्रेय आवर्जून देतात ते एस. निजलिंगप्पा यांना. दलाई लामांनीही त्यांचा कृतज्ञतेने वारंवार उल्लेख केला आहे. निजलिंगप्पा १९५६ ते १९५८ आणि पुन्हा १९६२ पासून १९६८ पर्यंत मुख्यमंत्री होते आणि तिबेटींविषयी त्यांना कळवळा होता, यात संशय नाही. परंतु पंचांग पाहिले तर १९६० साली म्हैसूरच्या मुख्यमंत्रिपदी बी. डी. जत्ती होते. हे जत्ती म्हणजे पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानातून पुढे आलेले, बाळासाहेब खेरांच्या हाताखाली मुंबईच्या राज्यकारभारात अनुभव घेतलेले, आणि पुढे भारताचे उपराष्ट्रपती झालेले गृहस्थ. फायलीवर सही एकाची आणि लोकांच्या ओठावर नाव दुसऱ्याचे, हा अनुभव सरकारी नोकरीतील वाचकांना नवा नसावा. सहज बोलण्यातून आलेली माहिती पंचांगाशी ताडून का पाहावी लागते, आणि तरीही ती का टाकून देऊ नये, हे यावरून कळते. पंचांग तारीख देते. उपकाराची जाणीव कोठे जाऊन वसली, ते लोकांचे बोलणेच सांगते.

पहिली वर्षे कठीण गेली. ल्हासा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटरांवर आहे; तेथील कोरड्या थंडीत वाढलेली शरीरे दक्षिणेच्या उष्म्यात आणि पावसात आली. दाट जंगल तोडून, जाळून शेते करावयाची होती. राहण्यास तंबू आणि बांबूच्या झोपड्या. हत्ती आणि रानडुकरे उभे पीक तुडवीत. रोगराईने आणि कामावरच्या अपघातांनी माणसे दगावली. लोक किती खचले होते, ते दलाई लामांनी आपल्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. शिवाय जवाचे सत्तू हे ज्यांचे मुख्य अन्न, त्यांना जव न पिकणाऱ्या मुलखात मका पेरावा लागला. त्या दिवसांत फावल्या वेळची मते असणे शक्यच नव्हते. एकच मत होते, ते म्हणजे लौकरच परत जावयाचे आहे.

आता राजकारण पाहू. २ सप्टेंबर १९६० रोजी, म्हणजे बैलकुप्प्याचे जंगल तुटण्यापूर्वीच, निर्वासित तिबेटींच्या पहिल्या लोकप्रतिनिधींनी शपथ घेतली. डोक्यावर छप्पर येण्याआधी मतपेटी आली, असे म्हटले तरी चालेल. आज त्यांच्या संसदेत ४५ सभासद असतात. त्यांतील तीस जण तिबेटच्या उ-त्सांग, खाम आणि आम्दो या तीन प्रांतांकडून प्रत्येकी दहा असे निवडले जातात. भारतात जन्मलेला मतदारही मत देतो ते आजोबांच्या प्रांतासाठी; जो प्रांत त्याने पाहिलेला नाही, त्याच्या नावाने तो उमेदवारांची पारख करतो. पाच धर्मपरंपरांना प्रत्येकी दोन जागा आहेत आणि भिक्षूला प्रांतासाठी एक व संप्रदायासाठी एक अशी दोन मते असतात. ही विषमता योग्य की अयोग्य, यावर वाद घालणारे तरुण या समाजात आहेत. आपल्याकडे मतदारसंघांच्या सीमांवरून जशी डोकी तापतात, तशीच तेथे प्रांतिक अभिमानावरून तापतात.

२००१ साली कार्यकारी प्रमुखाची निवड थेट लोकांच्या मताने होऊ लागली. २०११ साली दलाई लामांनी आपले राजकीय अधिकार सोडून दिले. २०२१ मध्ये सिक्योंग म्हणून निवडून आलेले पेन्पा त्सेरिंग हे तर बैलकुप्प्यातच जन्मलेले आणि तेथील केंद्रीय तिबेटी शाळेत शिकलेले. आपल्या शाळेचा मुलगा राष्ट्राचा प्रमुख झाला, पण त्या राष्ट्राची भूमी मात्र हाती नाही, असा हा विलक्षण प्रसंग आहे.

मोठा वाद मात्र जुनाच आहे. पूर्ण स्वातंत्र्य मागावे, की चीनच्या चौकटीत खरी स्वायत्तता मागणारा मध्यममार्ग धरावा? दलाई लामांनी १९८८ साली स्ट्रासबुर्ग येथे दुसऱ्या मार्गाची दिशा जाहीरपणे मांडली. गुरूविषयी अपार श्रद्धा आणि गुरूच्या धोरणाशी मतभेद, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात राहू शकतात, हे या समाजाने अनुभवाने शिकून घेतले. मराठी वाचकांना येथे एक दुवा आठवावा. १९५४ साली राज्यसभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिबेटवरील चीनचा ताबा मान्य करण्याच्या आपल्या सरकारच्या धोरणावर कठोर टीका केली होती. त्यानंतर पाचच वर्षांनी निर्वासितांचा लोंढा सीमेवर आला. २ जुलै २०२५ रोजी दलाई लामांनी ही परंपरा आपल्या पश्चातही चालू राहील आणि उत्तराधिकारी ओळखण्याचा अधिकार आपल्या न्यासाचाच असेल, असे जाहीर केले. तेव्हापासून गप्पांच्या या विषयाला काळजीची किनार आली आहे.

दुसरे राजकारण कागदांचे. भारतातील तिबेटी माणूस कायद्याने परदेशी ठरतो. नोंदणीपत्र वेळोवेळी नवे करून घ्यावे लागते, परदेशी जाण्यास पासपोर्टाऐवजी ओळखपत्र. परंतु २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला कोणीही जन्मानेच नागरिक ठरतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली एका तिबेटी तरुणीच्या प्रकरणात हे मान्य केले, आणि २०१४ साली निवडणूक आयोगाने अशा लोकांची नावे मतदारयादीत घेण्यास सांगितले. बैलकुप्प्यातील कितीतरी कुटुंबांत यामुळे एकाच घरात कायद्याने नागरिक असलेले आणि नसलेले असे दोन्ही राहतात. मग प्रश्न उभा राहतो. हक्क आहे म्हणून नागरिकत्व घ्यावे, की निर्वासितपण हीच आपल्या मागणीची साक्ष म्हणून ते जपावे? हा प्रश्न कोणत्याही कचेरीत सुटण्यासारखा नाही. तो घरोघर जेवणाच्या वेळी निघतो, आणि तेथेही सुटत नाही.

धंद्याकडे वळावे. सुरुवातीस माणशी साधारण एक एकर या हिशेबाने जमीन वाटली गेली. ती भाडेपट्ट्याने मिळालेली. कसता येते, विकता येत नाही. सहकारी संस्था स्थापन झाली आणि ट्रॅक्टर, बी-बियाणे, धान्यविक्री ही कामे तिने पाहिली. गालिच्यांचे माग सुरू झाले. १९६८ साली तिबेटींच्या पुनर्वसनासाठीच ‘मायराडा’ ही संस्था निघाली, जी पुढे कर्नाटकातील ग्रामविकासाच्या कामात नावारूपास आली. १९६९ मध्ये शेजारीच डिकी लारसो ही दुसरी वसाहत उभी राहिली. तथापि कुटुंबे वाढली, जमीन मात्र वाढली नाही. आणि पावसावरचा मका सगळ्यांना पोसण्यास पुरेसा नव्हता.

याला उत्तर निघाले ते स्वेटरच्या धंद्याचे. कापणी आटोपली की घरातील कर्ती माणसे लुधियानाच्या व्यापाऱ्यांकडून गरम कपडे उधारीने उचलतात आणि हिवाळाभर देशातील शहरांत विकून वसंतापूर्वी परततात. पुणे, नाशिक, नागपूर येथील वाचकांनी रस्त्याकडेला मांडलेले तिबेटींचे ते स्वेटरबाजार पाहिले असतील. या व्यवहाराचा पाया कागदावर नाही. ज्यांचे घर नाही, शेत गहाण ठेवता येत नाही, त्यांना लुधियानाच्या पेढीने माल दिला तो शब्दावर, आणि हंगाम संपताच पैसे पोचते झाले. निर्वासिताजवळ पत नसते असे आपण मानतो. येथे मात्र पत हेच सारे भांडवल ठरले.

पुढे मठांनी या अर्थकारणास नवे वळण दिले. पेनोर रिंपोचे यांनी १९६३ मध्ये मूठभर भिक्षूंना हाताशी धरून बांबूच्या मंदिराने नामड्रोलिंगची सुरुवात केली. १९७० साली बक्साच्या छावणीतून आलेल्या भिक्षूंनी येथे सेरा मठ पुन्हा उभारला, ज्याचे मूळ ल्हासाजवळ १४१९ सालचे. १९७२ मध्ये ताशी ल्हुन्पो आला. १९९९ साली नामड्रोलिंगच्या सुवर्णमंदिराचे उद्घाटन झाले आणि त्यातील सुमारे साठ फुटी मूर्ती पाहण्यास प्रवाशांची रीघ लागली. खानावळी, विश्रामगृहे, रिक्षा, धूपकाडीची दुकाने यांवर आज तिबेटींइतकीच कन्नड कुटुंबेही जगतात. शेतावरचे मजूर भोवतालच्या गावांतले. पुष्कळांनी आपली शेते त्यांनाच कसावयास दिली आहेत. जंगल तोडणाऱ्याचा नातू दुकानात बसला आणि शेजाऱ्याचा नातू त्याच्या शेतात आला, हा फेरबदल साठ वर्षांत घडला.

करमणुकीचा विषय हलका वाटतो, पण रुजण्याची खरी खूण तेथेच दिसते. निर्वासित सरकारने १९५९ सालीच नृत्यनाट्याची संस्था काढली, कारण ल्हामो हे गीतनाट्य जगले पाहिजे ही कळकळ होती. हे संरक्षण झाले, करमणूक निराळी. ती म्हणजे म्हाताऱ्यांचा ‘शो’ नावाचा फाशांचा खेळ. कवड्या मांडून, चामड्याच्या गादीवर फाशांची वाटी धाडकन आपटून, मोठ्याने आरोळी ठोकून तो खेळतात. आपल्याकडील सोंगट्यांच्या डावाची आठवण व्हावी, असाच त्याचा थाट. ती म्हणजे तरुणांचा फुटबॉल. दलाई लामांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ १९८१ पासून सुवर्णचषकाचे सामने भरतात आणि वसाहतीवसाहतींची ईर्ष्या तेथे उफाळून येते. आणि ती म्हणजे हिंदी सिनेमा, ज्याने या मुलांना शाळेपेक्षा लौकर हिंदी शिकवली. सेरा मठाच्या अंगणात भिक्षूंचे वादविवाद चालतात, प्रश्न टाकताना पाय आपटून टाळी वाजवितात. प्रवाशांना तो खेळ वाटतो, भिक्षूंना अभ्यास. हिवाळ्याच्या शेवटी स्वेटरवाले परतले की लोसार हे नववर्ष येते, आणि वर्षभराच्या बातम्या, भांडणे, सोयरिकी यांचा हिशेब त्याच पंधरवड्यात होतो. आपल्याकडे गणपतीला चाकरमानी कोकणात उतरतो, त्याचेच हे दुसरे रूप.

शेवटचा विषय आवडत्या शहरांचा. चारचौघांत तो निघाला की आपण मुंबईकर, पुणेकर, नागपूरकर लगेच हिरीरीने उभे राहतो. बैलकुप्प्यात मात्र या एका प्रश्नाच्या उत्तरावरून माणसाची पिढी ओळखता येते. पहिल्या पिढीचे शहर ल्हासा, ते पाहिलेले असो वा नसो. खामच्या डोंगराळ खेड्यातून आलेल्या म्हातारीनेही ल्हासा आयुष्यात एकदाच यात्रेला पाहिलेले असावयाचे. दुसऱ्या पिढीची शहरे म्हणजे म्हैसूर आणि बेंगळूर, जेथे त्यांनी महाविद्यालये पाहिली, रुग्णालयांत परिचारिकेची कामे केली. आणि ज्या ज्या शहरात स्वेटर विकले, ती. तिसऱ्या पिढीच्या तोंडी टोरांटो, न्यूयॉर्क, मिनिआपोलिस. या नावांनाही इतिहास आहे. स्वित्झर्लंडने १९६३ मध्ये एक हजार तिबेटींना घेण्याचे ठरवले, कॅनडाने १९७१ मध्ये पहिल्या काही शेकड्यांना जागा दिली, आणि अमेरिकेने १९९० च्या कायद्याने एक हजार प्रवेशपत्रे दिली. त्या हजारांनी पुढे आपली कुटुंबे बोलावून घेतली.

बैलकुप्प्याच्या इतिहासातील खरा पेच येथेच आहे. २००९ च्या त्यांच्या स्वतःच्या शिरगणतीत भारतातील तिबेटींची संख्या ९४,२०३ भरली होती. त्यानंतर ती घटतच गेली. २००८ पर्यंत दरवर्षी दोन-तीन हजार माणसे तिबेटातून निसटून येत. पुढे सीमा आवळल्या गेल्या आणि हा ओघ जवळजवळ आटला. शाळांचे वर्ग लहान होत आहेत. मठांत आज लडाख, अरुणाचल, नेपाळ, भूतान येथील मुलांचा वाटा मोठा आहे. जे जंगल तोडताना माणसे मेली, त्या जागेवर साठ वर्षांनी गाव नांदते झाले, आणि नांदते झाल्यावर तेथील मुलांनी विमानाची तिकिटे काढली. त्यांना दोष देता येणार नाही. ज्या भूमीवर भाडेपट्टा आहे, जेथे जन्म घेऊनही नोंदणीपत्र वागवावे लागते, तिला कायमचे घर कसे म्हणावे, असा त्यांचा प्रश्न आहे. २०१४ साली केंद्र सरकारने पुनर्वसन धोरण जाहीर करून भाडेपट्टे आणि कल्याणयोजना यांची घडी बसविण्याचा प्रयत्न केला. परंतु धोरणाने सोयी मिळतात, मालकी मिळत नाही. आणि मालकी मिळाली, तर आम्ही येथले झालो असे जगाला सांगितल्यासारखे होईल, ही जुन्यांची धास्तीही खोटी नाही.

आपण बदलीची माणसे. परमुलखातील आपले बिऱ्हाड तात्पुरते असते. पण त्या तात्पुरतेपणाला हुकुमाचा कागद असतो आणि त्यावर परतीची वाट लिहिलेली असते. म्हणून आपल्याला दोन्हीकडचे होता येते, येथील हवेला नावे ठेवता येतात, गावाकडच्या आंब्यांची आठवण काढता येते. तिबेटींचे तात्पुरतेपण साठ वर्षे टिकले आहे आणि त्यावर कोणाची सही नाही. तरीही त्यांनी निवडणुका लढविल्या, उधारी फेडली, फासे आपटले, आवडत्या शहरांवरून भांडणे केली. पाहुणा म्हणून राहावयाचे आणि घरच्यासारखे बोलावयाचे, हे दुहेरी जगणे त्यांनी दोन पिढ्यांना शिकविले.

महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे, आणि मुंडगोडची मोठी वसाहत हुबळीहून फार दूर नाही. आपल्यापैकी अनेकांच्या नेमणुका या भागांत होतात. १९६० साली वीस वर्षांचा असलेला माणूस आज पंचाऐंशी ओलांडून गेला आहे. जमिनीचे सातबारे, पट्टे, नोंदणीच्या याद्या सरकारी दप्तरात जपल्या जातीलच. परंतु त्या जमिनीवर पहिला मका निघाला, तेव्हा तो खाऊन म्हातारी माणसे काय म्हणाली, हे कोणत्याही दप्तरात नाही. विचारणारा कोणी वेळेवर भेटला, तर ती अजूनही सांगतील.